नव्वद सेकंदांची कोथिंबीर

पहाटे सहाला जालिंदर शेलारांचा फोन, तुर्भ्याच्या मार्केटमधून.
"ताई, तुमच्या ॲपात कोथिंबीर अजून बावीसवरच.
इथं नऊनं कुणी विचारत नाही."
मागे टेम्पो रिव्हर्स घेत होता,
कुणीतरी ओरडत होतं, मेथी, मेथी, मेथी.

मी घणसोलीत, चौथ्या मजल्यावर,
तोंडात ब्रश, मांडीवर लॅपटॉप.

भाव ठेवायचा डबा मीच लिहिलेला.
डबा म्हणजे मेमरीतली एक वही:
कोथिंबीर, बावीस, चार वाजून दहाला लिहिलं,
नव्वद सेकंदांनी शिळं.
शिळं झालं की बाजाराला पुन्हा विचारायचं,
तोवर नाही. बाजार दमतो.

त्या वहीत खाडाखोड नाही.
नवा भाव आला की नवी वही,
जुनीची न बदललेली पानं तिला तशीच जोडलेली,
आणि जुनी ज्याच्या हातात असेल
त्याच्या हातात जशीच्या तशी.
रतनशी शेठ ऐकून म्हणाले होते,
"आमच्या चोपड्यातपण खोडत नाहीत, पोरी.
उलटी नोंद करतात."

आणि फंक्शन सोवळ्यातलं.
तेच दिलं की तेच देणार.
बाहेरच्या कशाला शिवणार नाही,
फाइलला नाही, नेटवर्कला नाही,
घड्याळाला तर नाहीच.
वेळ हवी तर कुणीतरी वरून ओतायची, ओंजळीत.
आमच्या घरात सोवळं कधीच नव्हतं.
बाबा मसाला मार्केटात मिरचीच्या गोणी वाहायचे,
ते दारात आले की आम्ही तिघी शिंकायचो.
मी ते महापेच्या ऑफिसात
पगार घेऊन पाळायला शिकले.

साडेसहाला सापडलं. एकच ओळ.
प्रोग्रॅम सुरू होताना मी घड्याळ वाचलं होतं,
आलेल्या आकड्याला नाव दिलं होतं: आत्ता.
आमच्याकडे एकदा ठेवलेलं नाव बदलत नाही.
म्हणून डब्याच्या आत
अडीच तास चार वाजून दहाच मिनिटं झालेली.
दर वेळी तो विचारायचा, किती सेकंद उलटली?
आणि स्वतःच सांगायचा, शून्य.
बावीस ताजाच होता.
खिडकीत ऊन आलं होतं, आणि आई
खालच्या मजल्यावर लिंबू मागायला गेलेली,
"आलेच" म्हणून.
तिच्या आलेचला मुदत नसते.

आकडा काढला,
त्या जागी विचारणं ठेवलं.
सोवळ्याच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून
दर खेपेला नव्यानं विचारायचं,
मग उत्तर आत द्यायचं.
सहा एक्कावन्नला चढवलं.
कोथिंबीर नऊ झाली, लगेच.
शेलारांचा अंगठा आला, पिवळा.

मग नोंदी पाहिल्या. त्या पाहायला नको होत्या.
चार दहा ते सहा एक्कावन्न, अकरा खरेद्या, सगळ्या बावीसनं.
गाळेवाल्यांनी निमूट घेतलेले.
पाच वीसला सुगंधा कोळी, दिवाळे गाव, पन्नास जुड्या.
तेव्हाचा खरा भाव चौदा.
आठ गुणिले पन्नास.
मी शेठ सांगतात तशी उलटी नोंद केली,
चारशे रुपये जमा,
आणि फोन लावला.

"आले चारशे," सुगंधाताई म्हणाल्या.
त्या बेलापूरला बसून जुड्या सोडवत होत्या बहुतेक,
दोरा तुटल्याचा आवाज आला.
"पण त्यापायी मी पालक घेतलाच नाही ना.
पैसे पुरेनात. सोमवारी पालकच मागतात सगळे."
मी सॉरी म्हणाले. ते त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही,
कुणाला तरी सुटे देत होत्या.

"बरं, आत्ता काय चाललंय?"

मी डब्यात पाहिलं. आठ.
"आठ," मी म्हटलं.

"नक्की?"

नोंद सत्तर सेकंद जुनी होती.
अजून वीस सेकंद खरी.

"थांबा ताई,
विचारून सांगते."